एक नाव, अनेक विमानं: मिग-२१ आणि घरातलं सिम्युलेटर

२६ सप्टेंबर २०२५ला चंदीगडमध्ये मिग-२१ भारतीय वायुदलातून निवृत्त झालं. १९६३ साली पहिली तुकडी जिथे उभी राहिली, तिथेच शेवट झाला. तेव्हापासून मला ओळखीतली मंडळी सिम्युलेटरवरच्या उड्डाणांचे व्हिडिओ पाठवतायत, कारण मी 'पंखांवर काहीतरी पीएचडी' करते हे सगळ्यांना माहीत आहे. व्हिडिओसोबत येणारी वाक्यं दोनच प्रकारची. एक: 'तिसऱ्या प्रयत्नात उतरवलं की मी! उगाच उडती शवपेटी म्हणायचे ह्याला.' दुसरं: 'जरा थ्रॉटल कमी केला आणि धाडकन आपटलं. असल्या विमानात विशीतल्या पोरांना बसवत होते!'

गंमत अशी की दोन्ही बाजूंचा पुरावा एकच आहे. डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर, म्हणजे डीसीएस, आणि त्यातलं मिग-२१बिस. हे मॉड्यूल २०१४ साली लेदरनेक सिम्युलेशन्सने आणलं, पुढे ते मॅग्निट्यूड थ्रीकडे गेलं. अकरा-बारा वर्षं लोक ते उडवतायत. सर्वसामान्य माणसाला मिग-२१ 'उडवून बघायचं' असेल तर याच्याइतकं तपशीलवार दुसरं काही आजही नाही.

म्हणून यावेळी माझ्या प्रयोगांबद्दल न लिहिता या सिम्युलेटरची समीक्षा करते. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. डीसीएसचं मिग-२१बिस हे मिग-२१बिसचं चांगलं चित्र आहे. मिग-२१चं ते चित्र नव्हे. कारण मिग-२१ नावाचं एक विमान मुळात कधी नव्हतंच. आपण एका नावाखाली तीसेक वर्षांत घडलेली बरीच वेगवेगळी यंत्रं कोंबली आहेत, आणि त्यांतल्या शेवटच्या यंत्राच्या सिम्युलेशनवरून पहिल्या यंत्रांत गेलेल्या माणसांबद्दल मतं ठोकतोय.

आता सावकाश.

सिम्युलेटरच्या पोटात काय असतं? न्यूटनची समीकरणं. विमान ही एक वस्तू. ती तीन दिशांनी सरकू शकते, तीन अक्षांभोवती फिरू शकते. सेकंदाला कित्येक वेळा सिम्युलेटर विचारतो: आत्ता विमानावर कोणती बलं आहेत? गुरुत्वाकर्षण सोपं, इंजिनाचा रेटा त्यातल्या त्यात सोपा, पण हवेचं बल काढणं महाकठीण. ते दर क्षणी नव्याने काढायला माझ्यासारख्या लोकांना क्लस्टरवर आठवडे लागतात. म्हणून सिम्युलेटर ते काढत नाही. तो तक्त्यात बघतो. अमुक वेग, हवेशी पंखाचा अमुक कोन, फ्लॅप इतके खाली, तर लिफ्टचा गुणांक इतका, ड्रॅगचा इतका, नाक वर-खाली करणारा पीळ इतका. मधल्या किमती अंदाजाने जोडून घेतो. आपल्या शाळेतल्या लॉगटेबलसारखंच की!

म्हणजे कॉकपिटमधलं प्रत्येक बटण कितीही हुबेहूब असो, विमानाचा स्वभाव त्या तक्त्यांत असतो. एखादी आवृत्ती 'सिम्युलेट केली' असं म्हणायचं तर त्या आवृत्तीचे तक्ते हवेत, तिचं वजन, तिचा गुरुत्वमध्य, तिचं इंजिन हवं. रंग बदलणं म्हणजे आवृत्ती बदलणं नव्हे. हे वाक्य बाळबोध वाटेल, पण पुढे बघा.

आधी कौतुक, कारण ते मनापासून आहे. या मॉड्यूलमध्ये मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे उतरताना फ्लॅपवर फुंकलेली हवा. मिग-२१चा पंख छोटा, पातळ, ५७ अंशांनी मागे झुकलेला. तो आवाजाच्या दुप्पट वेगासाठी बनलाय. धावपट्टीजवळच्या संथ वेगाला तो नाराज असतो. फ्लॅप खाली केला तरी त्याच्यावरून वाहणारी हवा सुटी होऊन भरकटते आणि फ्लॅपचा निम्मा उपयोग वाया जातो. पीएफएमपासून सोव्हिएत अभियंत्यांनी उपाय काढला: इंजिनाच्या कॉम्प्रेसरमधली दाबाखालची हवा एका फटीतून फ्लॅपवर फुंकायची. थकलेल्या थराला नवा जोर मिळतो, हवा फ्लॅपला चिकटून राहते, लिफ्ट वाढते, उतरण्याचा वेग कमी होतो. रशियन संक्षेपात याला एसपीएस म्हणतात.

पण यात एक मेख आहे. हवा इंजिनातून येते. म्हणजे तुमची लिफ्ट आता थ्रॉटलला बांधली गेली. साध्या विमानात धावपट्टीवर आल्यावर थ्रॉटल पूर्ण मागे ओढला तर विमान हळूहळू वेग गमावतं आणि टेकतं. इथे थ्रॉटल ओढला की फुंकर थांबते आणि पंखावरची लिफ्ट त्याच क्षणी घटते. जमिनीपासून दहा मीटरवर असाल तर उरलेले दहा मीटर विमान दगडासारखं उतरतं. वर पुन्हा रेटा मागावा तर त्या काळातलं टर्बोजेट इंजिन वेग घ्यायला कित्येक सेकंद लावतं. डीसीएसमध्ये हे सगळं आहे. नवशिक्याला पहिला सल्ला तोच मिळतो: चाकं टेकेपर्यंत थ्रॉटल सोडू नकोस. म्हणजे 'जरा थ्रॉटल कमी केला आणि आपटलं' म्हणणाऱ्या माझ्या दादाने विमानाचा दोष पाहिला नाही, एसपीएसचं भौतिकशास्त्र पाहिलं. एका खेळाने एवढं शिकवणं ही थोर गोष्ट आहे, खरंच.

दुसरं कौतुक एआरयूचं. वेग वाढला की शेपटीची तीच हालचाल विमानाला कैकपट जोरात फिरवते. म्हणून मिगमध्ये एक यंत्रणा आहे, जी वेग आणि उंची बघून स्टिक आणि शेपूट यांच्यामधलं गुणोत्तर बदलत राहते. वेगात असाल तर स्टिक तेवढीच हलवून शेपूट कमी हलते. डीसीएसने ही यंत्रणा बनवली आहे, ती बिघडू शकते, तिची सुई कॉकपिटमध्ये दिसते. फक्त खऱ्या विमानात तिचं निम्मं काम हाताला जाणवणाऱ्या ताणाचं असतं: वेगाबरोबर स्टिक जड होत जाते. टेबलावरच्या जॉयस्टिकची स्प्रिंग जन्मभर एकाच ताकदीची. बळ परत देणाऱ्या महागड्या जॉयस्टिक मिळतात म्हणा, पण पीएचडीच्या स्टायपेंडमध्ये तो विषय नको.

आता आवृत्त्या. इथे थोडं गणित आहे, पण दहावीच्या पलीकडचं नाही.

एफ-१३ ही पहिली मोठ्या संख्येने बनलेली आवृत्ती. तिचं नेहमीचं उड्डाणवजन साधारण ७,३७० किलो. बिसचं साधारण ८,७२५ किलो. दोघांच्या पंखाचं क्षेत्रफळ मात्र तेच, २३ चौरस मीटर. म्हणजे एफ-१३च्या पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरवर ३२० किलोचा भार, बिसच्या पंखावर सुमारे ३८० किलोचा. अठरा टक्के जास्त. हवेत टिकून राहायला लागणारा किमान वेग भाराच्या वर्गमुळाने वाढतो, म्हणजे एसपीएस बाजूला ठेवलं तर बिसला सुमारे नऊ टक्के जास्त वेग हवा. एसपीएस ही चैन नव्हती. वाढलेल्या वजनाचं कर्ज फेडायची ती सोय होती.

वळणाचं गणित आणखी मजेदार आहे. विमान करकचून वळतं तेव्हा पंखाला जादा लिफ्ट द्यावी लागते आणि त्या लिफ्टची किंमत ड्रॅगच्या रूपात मोजावी लागते. हा ड्रॅग वजनाच्या वर्गाने वाढतो. १.१८चा वर्ग सुमारे १.४. म्हणजे तेवढ्याच वेगात, तेवढंच करकचून वळताना बिसला हा ड्रॅग ४० टक्के जास्त सोसावा लागतो. इंजिनाचा आफ्टरबर्नरसकटचा रेटा किती वाढला? ५,७४० किलोवरून ७,१००, म्हणजे २४ टक्के. हिशेब तुटीचा आहे! कमी वेगातल्या लांबलेल्या वळणात नवं, ताकदवान बिस जुन्या एफ-१३पेक्षा सरस ठरत नाही. म्हणूनच बिसच्या आर-२५ इंजिनाला आणीबाणीचा दुसरा आफ्टरबर्नर दिला गेला: कमी उंचीवर, फार तर तीन मिनिटं, रेटा सुमारे ९७ किलोन्यूटनपर्यंत. डीसीएसवाले खेळाडू हे बटण दाबतात आणि विमान रॉकेटसारखं चढतं. त्या तीन मिनिटांच्या अनुभवावरून 'मिग-२१ कसलं चपळ!' हे मत बनतं. ते मत बिसबद्दल खरं आहे. १९७१च्या विमानाबद्दल त्याला काही अर्थ नाही.

आणि फरक फक्त वजन-इंजिनाचे नाहीत. एफ-१३ला आत बसवलेली ३० मिलिमीटरची तोफ आणि नाकात छोटासा शंकू. पीएफमध्ये रेडार बसवायला नाक रुंद झालं आणि तोफ गेली. एफ-१३चं कॉकपिटचं छत पुढच्या बाजूला बिजागरी असलेलं. वैमानिक बाहेर फेकला जाताना ते छतच त्याच्यापुढे ढालीसारखं जायचं. पीएफएममध्ये ती सगळी व्यवस्था बदलून नवी सीट आणि बाजूला उघडणारं छत आलं. एसएमटीच्या पाठीवर इंधनाचं एवढं मोठं कुबड चढवलं की विमानाचा तोलच रुसला आणि पुढे ते कुबड छाटावं लागलं. सीट वेगळी म्हणजे अपघातात जगण्याची शक्यता वेगळी. कुबड वेगळं म्हणजे तक्तेच वेगळे.

एवढं असूनही लोक सगळ्यांना 'मिग-२१' म्हणून मोकळे होतात. याचं एक कारण आकडे मिळण्याच्या वाटेत आहे, आणि समीक्षक म्हणून माझी खरी तक्रार तिथे सुरू होते.

ऑगस्ट १९६६मध्ये इराकी वैमानिक मुनीर रेद्फा आपलं मिग-२१ घेऊन इस्रायलमध्ये उतरला. १९६८च्या सुरुवातीला ते विमान अमेरिकेने नेवाडाच्या वाळवंटात महिनोन् महिने उडवून तपासलं. प्रकल्पाचं नाव 'हॅव डोनट'. त्याचा अहवाल पुढे खुला झाला आणि आज सिम्युलेटरच्या जगात तो जवळजवळ पोथीसारखा वाचला जातो. पुढे बघायला अडचण होते, इंजिन मंद प्रतिसाद देतं, कमी उंचीवर वेगात विमान थरथरतं, असं त्यात बरंच काही आहे. चाचणी प्रामाणिक, मोजमाप चांगलं. पण ते विमान एफ-१३ होतं! बिसच्या चार वर्षं आधीचं मोजमाप, वेगळ्या इंजिनाचं, वेगळ्या वजनाचं, आतून तोफ असलेल्या, फुंकर नसलेल्या विमानाचं. तरी 'डीसीएसचं मिग अहवालाप्रमाणे वळत नाही' असे वाद बिसवरून रंगतात. माझ्या क्षेत्रात असं केलं तर पेपर परत येतो, आणि यावा.

अमेरिकन लोकांनी तरी काय केलं? सत्तरच्या दशकात त्यांना सरावासाठी रोज उडणारं मिग-२१ हवं होतं, म्हणून त्यांनी एफ-५ई हे आपलंच विमान मिग-२१ म्हणून रंगवलं आणि शत्रूची भूमिका करणाऱ्या तुकड्यांना दिलं. आकार छोटा, वेग बरा, दिसायला लहान. ते लोखंडी सिम्युलेशनच होतं. आता पंखाची लांबट-बुटकी बांधणी बघा. पंखविस्ताराच्या वर्गाला क्षेत्रफळाने भागलं की मिग-२१ला सुमारे २.२ मिळतात, एफ-५ईला सुमारे ३.८. वळणातला ड्रॅग या आकड्याच्या व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे इतर गोष्टी सारख्या धरल्या तर तेवढीच लिफ्ट देताना मिगचा पंख सुमारे १.७ पट दंड भरतो. मिग एका झटक्यात नाक वळवू शकतं, पण वळत राहिलं की वेग गळून जातो. एफ-५ई तसा वेग गमावत नाही. खोट्या मिगशी लढायला शिकलेल्या वैमानिकाला खऱ्या मिगची सवय कुठून होणार? म्हणून मग टोनोपाहला गुपचूप खरी मिग विमानं उडवणारी ४४७७वी तुकडी उभी राहिली. डीसीएसमध्येही बिसचा नेहमीचा जोडीदार एफ-५ई आहे, आणि त्या दोघांच्या लढतीत हा फरक छान दिसतो. या बाबतीत डीसीएस त्या रंगवलेल्या विमानापेक्षा पुढे आहे, असं म्हणायला मला अजिबात संकोच नाही.

जिथे ते मागे पडतं ती जागा माझ्या रोजच्या कामाची आहे. त्रिकोणी पंखाचा कोन वाढला की पुढच्या धारेवरून हवेचे दोन भोवरे सुटतात आणि पंखाच्या पाठीवरून वाहतात. भोवऱ्याच्या आत दाब कमी, म्हणून पंख वर ओढला जातो. कोन आणखी वाढला की भोवरा फुटतो. उसासा टाकावा तसा फुगून विस्कटतो आणि लिफ्ट ढासळते. आता प्रश्न असा: कोन कमी करत परत आलो तर भोवरा त्याच कोनाला पुन्हा जुळतो का? नाही. उशिरा जुळतो. पंखाला आठवण असते. 'आत्ता कोन किती' एवढं पुरत नाही. 'इथवर कसा आलास' हेही विचारावं लागतं.

तक्त्याला आठवण नसते. तो चढताना आणि उतरताना त्याच कोनाला तेच उत्तर देतो. वाऱ्याच्या बोगद्यात विमानाची प्रतिकृती स्थिर ठेवून मोजलेल्या आकड्यांत ही आठवण येतच नाही. तिच्यासाठी वेगळे, हलत्या प्रतिकृतीचे प्रयोग लागतात. चांगले सिम्युलेटर वेळेच्या विलंबाची काही जोडकामं करतात, पण घरगुती सिम्युलेटरमध्ये मिग-२१ला टोकाच्या कोनावर नेऊन, गरागरा फिरवून परत आणल्यावर जे दिसतं, त्यावर मी तरी विश्वास टाकणार नाही. तिथे विमान जरा जास्तच शहाण्यासारखं वागतं. चौकटीच्या मध्यभागी सिम्युलेटर उत्तम, कडेला कमकुवत. आणि अपघात कडेलाच होतात.

आता आपल्याकडचे रंग. नाशिकजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने एफएल बनवलं, मग एम, मग ऐंशीच्या दशकात बिस. पुढे त्याच कारखान्यात बिसचं बायसन झालं. सिम्युलेटरमध्ये मात्र बिस एकच, त्याच्यावर खेळाडू भारतीय रंग चढवतात. बायसनचा राखाडी रंग लोकप्रिय आहे. २०१९च्या फेब्रुवारीतल्या हवाई चकमकीची 'पुनर्निर्मिती' करणारे व्हिडिओ त्याच रंगात असतात. दुसरा रंग १९७१चा, चंदेरी किंवा हिरवट.

जाणकार मंडळी पहिल्या रंगावर तुटून पडतात. बायसनमध्ये नवं कोप्यो रेडार होतं, आर-७३ आणि आर-७७ क्षेपणास्त्रं होती, हेल्मेटमधून निशाणा धरता यायचा. डीसीएसमध्ये यांतलं काही नाही. रेडार जुनं आणि दिशादर्शनासाठी सोव्हिएत रेडिओ यंत्रणा. तक्रार रास्त आहे. पण उडण्याच्या बाजूने बघितलं तर बायसनचा सांगाडा आणि इंजिन बिसचंच. म्हणजे रंगवलेलं बायसन लढण्यात खोटं असलं तरी उडण्यात बऱ्यापैकी खरं आहे.

१९७१च्या रंगाबद्दल कुणी ब्र काढत नाही, आणि खरा घोटाळा तिथे आहे. त्या युद्धातलं विमान एफएल. आर-११ कुळातलं कमी रेट्याचं इंजिन, आणीबाणीचा दुसरा आफ्टरबर्नर नाही, पाठीवर बिससारखं जाड कुबड नाही, आत तोफ नाही. १२ डिसेंबर १९७१ला जामनगरच्या एफएलने कच्छच्या आखातावर पाकिस्तानी एफ-१०४ पाडलं ते पोटाखाली टांगलेल्या जोडनळीच्या तोफेने. ती टांगलेली तोफ म्हणजे वजन, ड्रॅग आणि पोटाखालच्या इंधनटाकीची गेलेली जागा. त्या वैमानिकाने हे सगळं सोसून केलेली कामगिरी आपण बिसच्या इंजिनाने, आत बसवलेल्या तोफेने पुन्हा करून दाखवतो आणि म्हणतो, सोपं होतं की. रंगवलेलं एफएल लढण्यातही खोटं आणि उडण्यातही.

इतर खेळांचं थोडक्यात. वॉर थंडरमध्ये एफ-१३पासून बायसनपर्यंत आवृत्त्यांची रांगच आहे, पण ती शिडीसारखी मांडलेली: वरची पायरी म्हणजे भारी विमान. आपण वर पाहिलं की वळणाच्या बाबतीत 'नंतरचं' म्हणजे 'चांगलं' असं नव्हतं. त्या शिडीने हा गैरसमज पक्का होतो. फ्लाइटगिअर दिसायला साधा, पण मला तो जवळचा वाटतो, कारण त्यातल्या मिग-२१बिसचे तक्ते साध्या मजकुराच्या फायलीत उघडून वाचता येतात. एखादा आकडा पटला नाही तर बोट ठेवून विचारता येतं. डीसीएसमध्ये ती फाइल बंद. पैसे घेऊन विकलेल्या वस्तूचं कुलूप समजू शकते, पण निदान एक परिशिष्ट द्यावं: कोणती वक्रं खऱ्या पुस्तिकेवरून घेतली, कोणती अंदाजाने. प्रत्येक प्रयोगशाळेत पोरं हे रोज लिहितात.

हे सगळं इतकं ताणून का लिहितेय? कारण पलीकडे आकडे आहेत. २०१२ साली संरक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की तोवर मिग विमानांचे ४८२ अपघात झाले आणि १७१ वैमानिक गेले. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ २००१मध्ये सुरतगडला मिग-२१ कोसळून गेले. 'वैमानिकाची चूक' या शब्दांविरुद्ध त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी दिलेला लढा मराठी वाचकांना आठवत असेल. 'रंग दे बसंती' तर सगळ्यांनी पाहिलाय. एखाद्या विशिष्ट अपघाताबद्दल बोलायचा मला अधिकार नाही आणि ते इथे करणारही नाही. पण 'मी तिसऱ्या प्रयत्नात उतरवलं' हे वाक्य कळत-नकळत त्या शब्दांच्या बाजूने साक्ष देतं. आणि ती साक्ष कशाची? शेवटच्या आवृत्तीची, स्वच्छ हवेतली, नव्याकोऱ्या इंजिनाची, पुन्हा सुरू करता येणाऱ्या उड्डाणाची. २००८मध्ये हॉक प्रशिक्षण विमान येईपर्यंत आपली मुलं किरणसारख्या संथ विमानावरून थेट मिग-२१वर जायची. कित्येकांच्या वाट्याला पहिलं मिग आलं ते एफएल; ते २०१३च्या डिसेंबरपर्यंत सेवेत होतं. त्या उडीचं सिम्युलेशन कोणत्याही खेळात नाही.

उलट बाजूच्या साक्षीचंही तेच. बिस आपटलं म्हणून मिग-२१ मुळातच सदोष ठरत नाही. किती तास उडवलं, कोणत्या दुरुस्तीनंतर, कोणत्या पक्ष्यांच्या मोसमात, हे प्रश्न तक्त्याबाहेरचे आहेत.

माझी मागणी एखाद्या नव्या कंपनीकडे असेल तर ती एफएलची. बायसन नको, त्याचं रेडार अजून कोण उघड करणार आहे? एफएलचं सगळं जुनं झालंय. उडवलेली माणसं अजून आहेत, ओझरला ते बनवलेले हातही आहेत. तक्ते तपासून देणाऱ्या माणसांची ही पिढी आणखी किती वर्षं भेटेल सांगता येत नाही.

तोवर ज्यांच्याकडे डीसीएस आहे त्यांनी एक प्रयोग करून बघा. वारा शून्य, पोटाखाली काही नाही, इंधन अर्धं. फ्लॅप पूर्ण ४५ अंश, एसपीएस चालू ठेवून ताशी ३२० किलोमीटरने सरळ धावपट्टीकडे या आणि साधारण वीस मीटर उंचीवर थ्रॉटल एकदम मागे ओढा. उतरण्याचा दर दाखवणाऱ्या सुईवर लक्ष ठेवा. मग तेच एसपीएस बंद ठेवून करा. दोन्ही वेळा सुई किती आणि किती लवकर पडली ते लिहून ठेवा. पाच-पाच वेळा तरी करा, एका वेळेवर विसंबू नका. आणि आकडे मला पाठवताना मॉड्यूलची तारीख नक्की लिहा, कारण दर अपडेटला तक्ते बदलतात, म्हणजे डीसीएसच्या बिसच्याही आता आवृत्त्या झाल्या आहेत.